जाजमावरून आधी कोण उठलं

आमच्या व्याह्यांइतका उठायला जड माणूस शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत दुसरा झालेला नाही. वजनाने म्हणाल तर ते काटकुळे आहेत, वारं सुटलं की धोतर पुढे आणि माणूस मागे अशी अंगलट. पण हा माणूस एकदा जमिनीला टेकला की त्याला उठवणं कुणाच्या हातात राहत नसे. दहाव्याला गेले तर पिंडाला शिवून गेलेला कावळा पुन्हा एकदा येऊन बघून जाई, हे अजून इथंच. केंदूरच्या सोसायटीच्या सभेत एकदा गोडाऊनचं दार कुठल्या बाजूला ठेवायचं यावरून दोन गट भांडले. दुपार कलली, धारा काढायची वेळ झाली, एकेक करून सगळे घरी गेले. सेक्रेटरी सतरंजी गुंडाळत गुंडाळत व्याह्यांपर्यंत आला आणि थांबला, कारण सतरंजीच्या शेवटच्या हातभर तुकड्यावर ते बसले होते. "आबा, सभा संपली," तो म्हणाला. "तुमची संपली आसंल," व्याही म्हणाले, "माजा विषय न्हाई झाला आजून." गोडाऊनचं दार आज पूर्वेला आहे ते असं.

मला या माणसाचा राग आहे, आणि तो का आहे हे आधी सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणाचा गैरसमज नको. मी भांडगावचा, जनावरांचा व्यापारी. आमच्या आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती, वडिलांनी थोडी जमीन धरली, आणि मी दुसऱ्यांच्या म्हशी बाजाराला हाकत नेता नेता स्वतःच्या दावणीपर्यंत आलो. यात कुणाचा उपकार नाही. आमच्या धंद्यात भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर टॉवेल टाकायचा आणि खालून एकमेकांची बोटं धरायची, जेवढी बोटं तेवढा आकडा. बघणाऱ्याला फक्त टॉवेल हललेला दिसतो. त्या टॉवेलाखाली मला आजवर कुणी फसवलेलं नाही. मला फसवलं ते उघड्यावर, भर बैठकीत, आणि ते या व्याह्यांनी.

आमच्या पाहुण्यारावळ्यांत लग्नाच्या बैठकीची एक जुनी रीत आहे. बैठक मुलाच्या घरी होते. दोन्हीकडचे कर्ते एका जाजमावर समोरासमोर बसतात, बाकीचे त्यांच्या मागे. बोलणं अडलं तर ज्या घरचा कर्ता जाजमावरून आधी उठला, त्या घराने समोरच्याचं ऐकलं असं धरतात. मग त्यावर नारळ फुटतो आणि विषय संपतो. माझ्या लेकीच्या लग्नाची बैठक केंदूरला झाली तेव्हा सगळं जुळलं होतं, अडलं होतं ते एवढंच की लग्न कुणाच्या दारी. माझी एकुलती एक लेक. ती माझ्या दारातूनच जावी म्हणून मी बैठकीच्या आधीच घरापुढची जागा सपाट करून घेतली होती, मुरूम टाकून रोलर फिरवला होता. मी हलणार नव्हतो. व्याहीही हलणार नव्हते, पण ते भांडले नाहीत. ते फक्त चहा सांगत राहिले. "घ्या पाव्हणं, घरच्या म्हशीचा हाय." "घ्या की, आमच्याकडं नाय म्हंत न्हाईत." मीही पीत गेलो. शेवटी जे व्हायचं ते झालं. मी गोठ्यामागे जाऊन परत येईपर्यंत इकडे नारळ फुटलेला. "बसा पाव्हणं," व्याही म्हणाले, "तुमी उठलात, आमी मान ठिवला." लग्न केंदूरला झालं. घरच्या म्हशीचा म्हणून पाजलेल्या त्या चहात दूध कमी आणि पाणी जास्त होतं, हे माझं मत तेव्हा होतं आणि आजही आहे. माझ्या दारातल्या त्या मुरमावर गेली चोवीस-पंचवीस वर्षं आमच्या घरच्या मिरच्या वाळत पडतात. मिरच्या दिसल्या की मला व्याही आठवतात, आणि व्याही आठवले की ठसका लागतो.

साठी उलटली तशी या भक्कम बैठकीला आतून कीड लागली. सुरुवातीला कुणाला कळलं नाही. ते बांधावरच्या बाभळीपुढे उभे राहत आणि उभेच राहत. विहीणबाईंना वाटलं, या वयात झाडापुढे जप करायला लागलेत. एकदा शिक्रापूरच्या स्टँडवर ते मुतारीत गेले आणि बाहेर येईपर्यंत एसटी त्यांची पिशवी घेऊन निघून गेली. मी विचारलं तेव्हा ते शेतकऱ्याच्या भाषेत म्हणाले, "पाटाला पाणी हाय, पर टेलला पोचत न्हाई." पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की प्रोस्टेटची ग्रंथी वाढून वाट अडली आहे, दुर्बिणीतून आतून खरवडून काढावी लागेल. व्याह्यांनी तिथेही घासाघीस केली. "सगळी नका काढू," म्हणाले, "वाईच बांध र्‍हाऊ द्या." डॉक्टर हसले. त्यांनी नीट समजावून सांगितलं होतं की वाट मोकळी होईल, पण काही जणांना पुढे काही महिने लघवीवर ताबा राहत नाही, आणि थोड्यांना त्याहूनही जास्त काळ त्रास होतो. व्याह्यांनी मान डोलावली. त्या थोड्यांत आपण असू असं सही करताना कुणालाच वाटत नाही.

ते निघाले थोड्यांतले. ऑपरेशन झालं, लघवीची नळी निघाली, पिशवी गेली, आणि मग सगळं उलटं झालं. आधी पाणी येत नव्हतं, आता दार लागेना. कळ आली की तिथून आडोसा गाठेपर्यंतची मुदत एवढी थोडी, की बोलता बोलता वाक्य अर्धं टाकून ते निघत. खोकला आला तरी थेंब, शिंक आली तरी थेंब. सगळ्यात वाईट म्हणजे हसू आलं तरी. मुळात ते हसरे, लोळून हसणारे. ते हसायचे थांबले. कुणी विनोद केला की ते ओठ आवळून समोरच्या भिंतीकडे बघत. त्याचा गावात भलताच परिणाम झाला. लोक म्हणायला लागले, आबा आता गंभीर झाले, विचार करून बोलतात, यांना सोसायटीचं चेअरमन करा. पांढरं धोतर सुटून चॉकलेटी पँट आली. केंदूर ते भांडगाव रस्त्याची त्यांना नवी ओळख झाली. कुठल्या पंपावर मुतारीची चावी कुणाकडे असते, कुठल्या ढाब्यामागे ऊस उभा आहे आणि तो कधी तुटणार, हे त्यांना तोंडपाठ. पुतण्यांबरोबर वढूला समाधीच्या दर्शनाला जाऊन आले तेव्हा मी विचारलं, दर्शन कसं झालं. "झ्याक झालं," ते म्हणाले, आणि थोडं थांबून, "आन् सोयबी चांगली केलीया."

घरात त्यांना समजून घेणारं माणूस एकच, आमची नात. त्यांच्या मुलाची आणि माझ्या लेकीची थोरली, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. घाबरून त्यांनी पाणी पिणंच सोडलं होतं, तर हिने तांब्या घेऊन समोर बसून त्यांना पाजलं. "आबा, पाणी तोडलं तर जळजळ वाढंल. प्यायचं, पर थोडं थोडं." तिने त्यांना खालचे स्नायू आवळून धरायचा आणि सोडायचा व्यायाम शिकवला. व्याही कुठलीही गोष्ट हाती घेतली की सोडत नाहीत, ते दिवसभर आवळत बसायचे. दाढीला बसले असताना त्यांचा चेहरा असा काही ताठ व्हायचा की न्हाव्याने वस्तरा बाजूला ठेवून विचारलं, "आबा, लागलं का?" व्यायामाने फरक पडत होता, पण गोगलगायीच्या चालीने. नातीने पॅडही आणून दिले. ते त्यांनी न फोडता कपाटावर ठेवले. "ल्हान पोरांचं हाय ते," एवढंच म्हणाले, आणि त्या विषयावर पुन्हा बोलले नाहीत.

अशात या नातीला स्थळ आलं. शिरूरजवळचं घर, मुलगा कंपनीत कामाला, माणसं चांगली. मुलगा तिलाही पसंत होता. पण त्यांना घाई होती. लग्न याच महिन्यात उरकायचं, आणि तिची शेवटची परीक्षा त्याच्या पुढच्या महिन्यात. "परीक्षा काय, नंतरबी देता यील," असा मुलाच्या बापाचा निरोप. नातीला ते नंतर कसं असतं हे ठाऊक होतं, तिच्या दोन मैत्रिणींची पुस्तकं सासरच्या माळ्यावर गेली होती. ती बापाशी बोलली नाही, आईशी बोलली नाही, आजोबांपुढे जाऊन रडली. बैठकीत कर्ता म्हणून आजोबाच बसणार होते. आणि या माणसाने, ज्याला अर्धा तास एका जागी बसवत नव्हतं, तिच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, "तुजी परीक्षा झाल्यावरच लगीन. त्ये ठरल्याबिगर म्या जाजमावरनं उठत न्हाई."

हे मला पुढच्याच आठवड्यात कळलं. लेकीच्या लग्नापासून न बोलावता कधी भांडगावला न आलेले व्याही एका सकाळी पुतण्याच्या मोटारसायकलवरून दारात उतरले आणि आधी घरामागे जाऊन आले. "म्हैस बगायचीया," म्हणाले. मी दावणीला नेलं. त्यांनी एका म्हशीच्या पाठीवर हात फिरवला, कास न बघताच. मग माझ्यापुढे हात केला. मी टॉवेल टाकला. त्यांनी खालून माझं एक बोट धरलं.

"एवढ्यात म्हैस न्हाई येत व्याही," मी म्हणालो, "शेपटी नेता यील."

"म्हशीचं न्हाई वो हे." ते म्हशीकडेच बघत होते. "एक बोट म्हंजी कळ हाय, पर निभंल. दोन बोटं म्हंजी आता थांबवत न्हाई. बैठकीत तुमी माज्या शेजारी बसायचं. टावेल तुमचाच आणा."

मी टॉवेलातून हात काढला नाही, त्यांनीही काढला नाही. बावीस-तेवीस वर्षं ज्या माणसाचा उठवायचा डाव मला डाचत होता, तोच आता न उठण्यासाठी माझ्याकडे मदत मागत होता. मी विचारलं, "पॅड लावा की. कुणाला दिसतंय?"

"धोतर नेसायचंय. कर्त्यानं पँटीत बसायचं व्हय? आन् बसल्यावर ते फुगतं. सगळ्यांस्नी दिसतं."

ठरलं ते असं. दोन बोटं आली की मी जेवणाची पानं घ्यायला सांगायचं. जेवणासाठी दोन्ही बाजू एकदम उठतात, त्यात आधी कोण हा प्रश्न येत नाही.

बैठकीच्या दिवशी मी त्यांना माझ्याच पिकअपमधून नेलं आणि वाटेत जिथे म्हणतील तिथे थांबत गेलो. पांढरंशुभ्र धोतर, डोक्याला फेटा. आम्ही जाजमावर बसलो. मी आजोळचा माणूस. आजोळच्याला जाजमावर मान असतो, पण मोजदाद नसते; मी उठलो काय आणि बसलो काय, रीतीत धरत नाहीत. मी दोघांच्या मांडीवर टॉवेल टाकला. समोरचे लोक कौतुकाने हसले. म्हातारे टॉवेलाखाली काय भाव करतायत, असं कुणीतरी मागे म्हणालं. व्याही भिंतीकडे बघत ओठ आवळून बसले.

समोर कर्ता म्हणून मुलाचा बाप, गोड बोलणारा. "आबा, आमचं कायबी मागणं न्हाई. पोरगी द्या, नारळ द्या, तारीख तेवढी ह्याच म्हैन्यातली धरा."

"परीक्षा झाल्यावर," व्याही म्हणाले.

"आवो परीक्षा कुठं पळून चालली?"

"पोरगीबी कुठं पळून चालली न्हाई."

असं बराच वेळ चाललं. एक बोट आलं. मग सुटलं. पुन्हा आलं आणि सुटलंच नाही. मुलाच्या बापाने आत हाक मारली आणि चहा आला. तो झाला, पुन्हा आला. "घ्या आबा, आमच्याकडं नाय म्हंत न्हाईत." हेच वाक्य मी केंदूरच्या जाजमावर ऐकलं होतं. तेवढ्यात टॉवेलाखाली दोन बोटं आली. मी लगेच म्हणालो, "पाव्हणं, पानं घ्या आता. पोटात कावळं वरडाय लागल्यात."

"ठरल्याबिगर पान न्हाई वाढायचं आप्पा, आमच्या घराची रीत हाय," मुलाचा बाप हसत म्हणाला आणि आतून तिसरा चहा मागवला. व्याह्यांनी माझा पंजाच्या पंजा धरला. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. समोरच्या कपाकडे पाहिलं. तोच चहा, तशीच कपबशी, वर सायीचा पापुद्रा नावाला. मग माझं डोकं फिरलं. ते सोंग नव्हतं, हे मी स्पष्ट सांगतो.

"चहा हाय का डाव हाय हा?" मी उभाच राहिलो. "म्हाताऱ्या माणसाला पाजून पाजून उठिवताय? ह्यात दूध तरी हाय का? वीस-बावीस वर्सं झाली बघतूय मी ही असली पानी घातल्याली कपं!"

कुणाला काही कळलं नाही, आणि कळण्यासारखं ते नव्हतंच. मी वळलो तसा जाजमाच्या कडेला ठेवलेला पाण्याचा जग लवंडला आणि सगळं पाणी व्याह्यांच्या धोतरावर गेलं. जग मी मुद्दाम पाडला की पाय लागला, असं मला अजून विचारतात. पाय लागला, असं मी सांगतो. आजोळचा पाहुणा रागावून दाराकडे निघाला म्हटल्यावर मुलाच्या घरचे सगळे धावले. चुलता उठला, मामा उठला, आणि मुलाच्या बापाने तर उडी मारून माझे दोन्ही हात धरले. "आप्पा, चुकलं आसंल तर पदरात घ्या, पर आसं जाऊ नका. बसा." मी बसत नव्हतो.

मग मागून शांत आवाज आला. "पाव्हणं."

सगळे वळले. जाजमावर एकटे व्याही बसले होते. कमरेखाली चिंब भिजलेले, फेटा सरळ, मांडी मोडलेली नाही. त्यांनी जाजमावरून हात फिरवला, रिकाम्या जागा दाखवत.

"तुमी उठलात," ते म्हणाले. "आमी मान ठिवला. परीक्षा झाल्यावर लगीन."

 मग मुलाच्या घरातला सगळ्यात म्हातारा माणूस, जो भिंतीला टेकून होता, तो हसायला लागला. रीत म्हणजे रीत, असं त्याने मुलाच्या बापाला बजावलं आणि नारळ मागवला. नारळ फुटल्यावर व्याही सावकाश उठले. "ह्या बाबानं न्हाऊ घातलं मला," माझ्याकडे बोट करून सगळ्यांना म्हणाले, "धोतर बदलून येतो." कुणी त्यांच्या धोतराकडे दुसऱ्यांदा पाहिलं नाही.

या सगळ्यात मला काय मिळालं ते बघा. शिरूरकडे आजही माझी ओळख म्हणजे मुलीच्या आजोळचा तो तापट म्हातारा. लग्नात वाढपी माझ्या पंगतीला येताना आधी लांबून अंदाज घेत होता, आणि चहाऐवजी माझ्यापुढे नुसतं दूध आणून ठेवलं, मोठा पेला भरून. व्याह्यांचं मात्र नाव झालं, की पाणी पडलं तरी माणूस जागचा हलला नाही. आभार वगैरे त्यांनी मानले नाहीत. बैठकीहून परतताना मी गाडी चालवत होतो, ते शेजारी बसले होते, बदललेली चॉकलेटी पँट घालून. शिक्रापूरच्या पुढे कधीतरी त्यांनी टॉवेल उचलून माझ्या गिअरवरच्या हातावर टाकला आणि खाली स्वतःचा हात ठेवला. बोट धरलं नाही, नुसता ठेवला.

"कळ हाय का?" मी विचारलं.

"न्हाई," ते म्हणाले.

नात परीक्षा पास झाली. आता शिरूरला एका दवाखान्यात ड्यूटी करते, सासरचेच तिला मोटारसायकलवर सोडतात. व्याह्यांचा ताबा व्यायामाने बराच सुधारला, पण जखम भरताना वाट आतून आकसली, आणि अधूनमधून पुण्याला जाऊन नळी घालून ती मोकळी करून घ्यावी लागते. डॉक्टर म्हणतात हे असं चालायचं, घाबरायचं कारण नाही. आता प्रवास त्यांना नको वाटतो. भांडगावला येणं बंद झालं. म्हणून आम्ही फोनवर बोलतो. ते पहिल्यांदा विचारतात, "मिरच्या वाळल्या का?" मी शिवी देतो. त्यांना हसू येतं, ते दाबतात, आणि मग वाक्य अर्धं टाकून फोन बाजेवर ठेवून निघून जातात. मी इकडे फोन कानाला लावून बसतो. त्यांच्या अंगणातली कोंबडी ऐकू येते, लांबची मोटर ऐकू येते, विहीणबाई कुणाला तरी हाक मारतात. कधी ते लवकर येतात, कधी बाभळीपुढे पहिल्यासारखे अडकतात आणि वेळ लागतो. माझा चहा निवून जातो. दारातली गिऱ्हाईकं खुणा करतात. पण मी फोन ठेवत नाही. मी आधी ठेवला तर मी त्यांचं ऐकलं असं होईल.